डावा कान, डावा हात

३ जून

आक्का,

नमस्कार. तू वयानं मोठी आहेस म्हणून हा नमस्कार. बाकी काही गैरसमज करून घेऊ नकोस.

तुझी सरकारदरबारी नोंद झाली आहे. अभिनंदन.

झालं असं, की लेकीनं टुमणं लावल्यामुळे मी लष्कराच्या मेडिकल बोर्डापुढे जाऊन आलो. निवृत्त जवानाला जडलेली व्याधी नोकरीपायी जडली की आपसूक, हे ठरवणारं हे बोर्ड. नोकरीपायी म्हणाले तर लष्करी इस्पितळात इलाज, कानाला यंत्र, पेन्शनीत थोडी भर. आपसूक म्हणाले तर घरी जा आणि भिंतीशी बोला. तिथे कानाच्या खोलीत एक तरुण डॉक्टर बसला होता. त्यानं कागदावर ठळक अक्षरांत लिहून विचारलं, "डावा कान कसा गेला?" आणि मी सवयीनं सांगून बसलो, "थोरल्या बहिणीनं थोबाडीत दिली, तेव्हापासून बंद."

हे वाक्य मी आजवर कुठे कुठे टाकलंय ते तुला माहीतच आहे. पलटणीत, सोयऱ्यांत, न्हाव्याच्या खुर्चीत. दर वेळी हशा पिकतो आणि कानाचा विषय मिटतो. हा पोरगा हसला नाही. त्यानं लिहून घेतलं.

काल निकाल आला. लेकीनं तो माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. मला ऐकू आलं नाही, पण चेहरा दिसत होता. निकालात लिहिलंय, अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार डाव्या कानाचं बहिरेपण बालपणी थोरल्या बहिणीच्या मारहाणीमुळे आलेलं असून त्याचा लष्करी सेवेशी संबंध नाही. उजवा कान वयामुळे गेला. खाली सही, शिक्का.

म्हणजे बघ, मी सगळी उमर तोफखान्यात काढली, त्या तोफा निर्दोष सुटल्या आणि तू अडकलीस. मी तर पोट धरून हसलो. तूही हस.

तुझा
टिल्लू


९ जून

टिल्लू,

आशीर्वाद. तोही तू धाकटा आहेस म्हणूनच.

तुझं पत्र दुकानात वाचलं. हसले नाही. समोर गिऱ्हाईक हात पसरून माप द्यायला उभं होतं आणि मी टेप गळ्यात टाकून 'मारहाण' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी त्या बिचाऱ्यानं विचारलं, "बाई, हात खाली घेऊ का?" जन्मभर लोकांचे कपडे शिवले, कुणाच्या वीतभर कापडाचा लोभ धरला नाही, आणि म्हातारपणी सरकारनं मला मारकुटी ठरवलं. तेही कुणाच्या सांगण्यावरून, तर ज्या सहा फुटी माणसाला घरात अजून टिल्लू म्हणतात त्याच्या!

थप्पड मारली होती, हे मी नाकारत नाही. माझ्या नव्या फ्रॉकची बाही कापून तू गलोलीला पट्टा केला होतास. आजही कुणी केलं तर आजही मारीन. पण त्यानं तुझा कान गेला असता तर तुला भरतीत घेतलं कसं? तिथे काय नुसती उंची बघून आत ढकलत होते?

लोक नोकरीनं न दिलेली दुखणी नोकरीच्या माथी मारतात. तू नोकरीनं दिलेलं दुखणं बहिणीच्या माथी मारलंस. असला जगावेगळा शहाणा आपल्याच घरात निपजायचा होता.

अपील कर. करता येतं म्हणे, दुकानासमोरचा टायपिंगवाला सांगत होता. स्वच्छ लिही, की ते थट्टेत बोललो.

तुझी
आक्का (सरकारी नोंदीनुसार मारकुटी)


१७ जून

आक्का,

अपील बिपील काही नाही. एकदा म्हणायचं, बहिणीनं मारलं, आणि मग म्हणायचं, साहेब, थट्टा केली. उद्या ते विचारतील, थट्टा तेव्हा केलीत की आता करताय? जवानानं शब्द फिरवलेला बरा दिसत नाही. आणि भरतीचं म्हणशील, तर खरंच उंची बघून आत ढकलत होते. कान कोण बघतो? हुकूम ऐकला नाही तर लाथ बसते, ती बहिऱ्यालाही कळते.

शिवाय मला कान हवाय कशाला? हल्ली ऐकण्यासारखं बोलतं कोण? लोक एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात. मला ती सोय नाही, म्हणून मी मुळात आतच कमी घेतो. नात शाळेतून आली की माझ्या मांडीवर बसून भरपूर बोलते, मी भरपूर मान हलवतो, दोघंही खूश. मजेत चाललंय माझं.

तू सुया-दोरे सांभाळ. विषय बंद.

टिल्लू


२६ जून

टिल्लू,

विषय बंद म्हणे! तुझ्या लेकीचं पत्र आलंय मला. चार पानी. तू मजेत कसा आहेस ते तिनं सविस्तर कळवलंय.

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, हे मला का नाही कळवलंस? नातीनं विचारलं, "आजोबा, पिल्लू आणायचं का?" तू मान हलवलीस. "आजच?" मान हलवलीस. "तुमच्या पलंगाखाली झोपलं तर चालेल?" त्यालाही मान हलवलीस. पोरीचे पुढचे दात पडलेत, ती फुसफुसत बोलते, तुला त्यातलं अक्षर कळत नाही. इथवर मी हसत होते. पुढच्या पानावर लिहिलंय, की परवा पोरीनं आईला विचारलं, "आजोबा माझं ऐकतात, की नुसती मान हलवतात?"

ढोपर फुटलं ते पाय घसरून नाही, मागून येणाऱ्या सायकलची घंटा ऐकू आली नाही म्हणून. पलटणीतल्या मित्रांच्या बैठकीला जाणं सोडलंस ते गुडघ्यांमुळे नाही. सगळे हसले की त्यांचं बघून तू हसतोस, आणि ते तुझ्या लक्षात यायला लागलंय, म्हणून. आपण दोघं फोनवर बोलायचो ते तर कधीच संपलं. मी इकडून विचारायचे, "पाऊस आहे का?" आणि तू तिकडून सांगायचास, "सगळे बरे आहेत."

टिल्लू, मला हे वाचून रडू आलं. तू मजेत नाहीस. ते यंत्र तुला हवंय, इलाज हवाय, आणि तो तुझा हक्क आहे. माझं नाव मधे अडकवून तू तो घालवतोयस.

तू अपील करणार नसशील तर मी करते. आरोपी मी आहे. मला बाजू मांडायचा अधिकार आहे, असं टायपिंगवाला म्हणतो.

आक्का


५ जुलै

आक्का,

तुझा तो टायपिंगवाला एकदा मला भेटव. त्याला मी गलोल दाखवतो.

केलं अपील. लेकीनं लिहिलं, मी सही केली. पिल्लानं माझा परेडचा बूट खाल्ला त्याच दिवशी केलं, तेव्हा मी वैतागलेलो होतो हे लक्षात घे. सरकारी असूनही बोर्डाचं उत्तर लगेच आलं. त्या कानाच्या डॉक्टरनं एक शंका काढली आहे, आणि खरं सांगायचं तर शंका बरोबर आहे. तो म्हणतो, तोफेच्या आवाजानं कान जातात तेव्हा बहुतेक दोन्ही जातात. यांचा डावा तरुणपणीच गेला आणि उजवा म्हातारपणापर्यंत चांगला होता. एकच कान जायला थप्पड पुरते, तोफेचं काय? ४ ऑगस्टला सुनावणी आहे. साक्षीदार असेल तर आणा म्हणतात.

आता साक्षीदार कुठून आणू? आमच्या तोफेचा म्होरक्या कधीच वारला. बाकीचे कुठे पांगलेत ते त्यांनाच माहीत. लेक म्हणते, आत्याला आणू. मी म्हटलं, म्हणजे उंदराला मांजर साक्ष. तू येऊ नकोस. बसचा प्रवास तुझ्या कमरेला झेपणार नाही.

आणि आलीसच, कारण तू येणार हे मला ठाऊक आहे, तर थोडक्यात बोल. आठवत नाही म्हण. आईच्या वेळचं काही उकरू नकोस.

टिल्लू


१२ जुलै

टिल्लू,

येते आहे. कंबर माझी आहे, तिचं मी बघेन. येताना कात्री आणते. कशाला, ते विचारू नकोस. विचारलंस तरी उत्तर तुला ऐकू येणार नाही.

पिल्लाला दुसरा बूट दे. जोडी पुरी होईल.

आक्का


८ ऑगस्ट

आक्का,

तू सुखरूप पोचल्याचं लेकीनं सांगितलं. बसमध्ये चढताना तू तोंड हलवलंस आणि तळहातावर लिहिल्याची खूण केलीस, त्यावरून मी समजलो की सगळं पत्रानं कळवणार. चार दिवस झाले, मी दारात पोस्टमनची वाट बघत बसलोय. लेकीला त्यांनी आत येऊ दिलं नाही, तेव्हा तिलाही काही माहीत नाही. स्वतःच्याच सुनावणीत मी मूकपट पाहिला.

मला काय दिसलं ते सांगतो, बाकीचं तू भर.

मधल्या खुर्चीत चष्मेवाल्या अध्यक्षीणबाई. एका बाजूला तो तरुण डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त साहेब, तो डुलक्या घेत होता. बाईंनी तुला काहीतरी विचारलं. तू पिशवीतून हातभर लांब कात्री काढलीस आणि दारातला शिपाई सावध झाला. तू ती बाईंना दिलीस. बाईंनी कागद कापायला घेतला, तो नुसता चुरगळला. मग डॉक्टरनं घेतली, त्यालाही जमेना. मग तू उभी राहून हवेत एक सणसणीत थप्पड मारलीस आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. थोडा उशिरा.

मग डॉक्टर काहीतरी बोलला. तू कागदावर लिहून माझ्यापुढे धरलंस, "तोफेशी फोन कसा धरायचास ते दाखव." मी दाखवलं. इथवर ठीक.

पण त्यानंतर बाईंनी तुला आणखी काही विचारलं. तू बराच वेळ बोलत होतीस, टेबलाकडे बघून. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तू डोळे पुसलेस. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि मी आपला सवयीनं मान हलवत बसलो.

मी कशाला मान हलवली, आक्का? तू काय सांगितलंस त्यांना?

टिल्लू


१७ ऑगस्ट

टिल्लू,

उशीर झाला. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं, हे एक कारण. दुसरं, काय लिहावं ते सुचत नव्हतं.

क्रमानं सांगते. बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही भावाला मारलं होतं का?" मी म्हटलं, "हो, आणि योग्य कारणासाठी." बाही आणि गलोलीची हकीकत सांगितली. बाईंना तीन भाऊ आहेत, त्यांनी समजून मान डोलावली. मग मी म्हटलं, "पण बाई, मी डावखुरी आहे. जेवायला मला आईनं उजवा हात शिकवला, लिहायला मास्तरांनी छड्या मारून उजवा शिकवला. कातरायला आणि थोबाडायला कुणी शिकवलं नाही, ते माझं मी डाव्यानंच शिकले." त्यांना पटेना. म्हणून कात्री. माझी कात्री डाव्या हातासाठी बनवून घेतलेली आहे, पाती उलटी बसवलेली. उजव्या हाताच्या माणसानं धरली की कापड दुमडतं. त्या दोघांनी करून पाहिलं, मग मी त्याच कागदाची सरळ पट्टी कापून दिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"आता समोरच्याला डाव्या हातानं मारलं तर कुठल्या गालावर बसेल?" असं म्हणून मी हवेत मारून दाखवली. उजव्या. तुझा गेलाय डावा. तेव्हा ते हसले. अध्यक्षीणबाई मात्र हुशार. म्हणाल्या, "आणि तो पाठमोरा असला तर?" मी म्हटलं, "पाठमोऱ्याला मी धपाटा घालते, थप्पड नाही." तिथे निवृत्त साहेबही जागा झाला.

पण डॉक्टर म्हणाला, ठीक आहे, आजी सुटल्या. तोफेवरची शंका तशीच राहिली. एकच कान का?

ह्याचं उत्तर तुला ठाऊक होतं, पण प्रश्न ऐकू येत नव्हता. म्हणून तो कागद. तू टेबलावरचा फोन उचललास, रिसीव्हर उजव्या कानाला दाबलास, डावी बाजू खिडकीकडे केलीस, जशी तिथे तोफच उभी आहे, आणि असा काही ओरडलास, "भरा!", की शिपाई आत धावत आला. त्याला वाटलं चहाच मागवला. निवृत्त साहेब खुर्चीत ताठ बसला. मी त्यांना सांगितलं, की हा तोफेवरचा टेलिफोनवाला. मागून येणारा हुकूम उजव्या कानानं घ्यायचा, म्हणून तो कान रिसीव्हरनं झाकलेला. म्होरक्याचं म्हणणं डाव्या कानानं ऐकायचं आणि फोनवर परत सांगायचं, म्हणून त्यात कापूस घालायची सोय नाही. तो कान तोफेला उघडाच. साहेब म्हणाला, "बरोबर आहे. आमच्या टेलिफोनवाल्याचंही असंच होतं." डॉक्टरनं लिहून घेतलं. मनापासून लिहिलं हो त्यानं. पोरगा वाईट नाही. पहिल्या वेळी तू सांगितलंस तेच लिहिलं होतं बिचाऱ्यानं.

आता तुझा प्रश्न. बाईंनी मला विचारलं, "हा फोन कसा धरायचा, हे तुम्हाला कसं माहीत?" आणि लगेच, "थप्पड तुमची नव्हती, हे ठाऊक होतं तर इतकी वर्षं गप्प का बसलात?"

तू उकरू नकोस म्हणाला होतास. पण मी शपथ घेऊन बसले होते, टिल्लू. आणि मला सांगावंसंही वाटलं.

मी त्यांना तुझ्या पहिल्या सुट्टीची गोष्ट सांगितली. तू जेवायला बसला होतास आणि आईला तोफेचा खेळ करून दाखवत होतास. वाटी उजव्या कानाला लावून फोन. आई हसत होती. मी तुझ्या डाव्या हाताला बसले होते. मी म्हटलं, "मीठ दे." तू वळला नाहीस. पुन्हा म्हटलं. आईचं हसू थांबलं. तिनं विचारलं, "टिल्लू, ऐकू येतं का रे तुला?" तू म्हणालास, "या कानानं कमी येतं. आक्कानं थोबाडीत दिली होती ना, तेव्हापासून." आणि आई माझ्यावर अशी उसळली, की मीठ राहिलं बाजूला.

मी तोंड उघडलं होतं. म्हणणार होते, खोटारड्या, मी तर उजव्या गालावर मारली होती. तेवढ्यात तुझ्याकडे पाहिलं. तू हसत होतास, आणि वाटी अजून कानालाच धरलेली होती. तू भरती झालास त्या दिवशी आई दारात आडवी पडली होती, आठवतं? तोफेनं कान खाल्ला हे कळलं असतं, तर तिनं तुला परत जाऊच दिलं नसतं. मला ते त्या क्षणी कळलं आणि मी तोंड मिटलं. मीठ माझं मी उठून घेतलं.

तेव्हापासून आईच्या लेखी तू पलटणीत सुखरूप होतास. धोका काय तो घरात, म्हणजे माझा. ती जाईपर्यंत मला बजावत राहिली, "एक कान घालवलास, दुसऱ्याला जप हो." मी "हो आई" म्हणत राहिले. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. कधी कधी तर तुझा असा राग यायचा, की खरोखरच डावा कान सुजवावासा वाटायचा. पण तू सुट्टी संपवून गेलास की आई रात्री शांत झोपायची. शेजारच्या खोलीतून मला तिचं घोरणं ऐकू यायचं, आणि मग माझाही डोळा लागायचा.

एवढंच सांगितलं. ह्याला तू मान हलवलीस. चांगलं केलंस.

आक्का


१२ सप्टेंबर

टिल्लू,

पत्र नाही. महिना होत आला. रागावलास का?

तुझी लेक कळवते, की निकाल आला, तू तिला ना पेढा दिलास ना बर्फी, तडक इस्पितळात गेलास. काय निकाल आला, ते बाबाच कळवतील म्हणते. तीही तुझीच लेक.

परवा संध्याकाळी दुकानात फोन आला. मी "हॅलो" म्हटलं, तिकडून श्वास ऐकू आला. मला वाटलं तू असशील. विचारलं, ऐकू येतं का रे. पलीकडून काहीतरी एक शब्द आला आणि लाईन तुटली. तूच होतास ना? की मी म्हातारीनं कुठल्या परक्या माणसाला अरे-तुरे केलं?

आक्का


२० सप्टेंबर

आक्का,

रागावलो नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. आज फाडणार नाही.

आधी निकाल. डावा कान: लष्करी सेवेमुळे. उजवा कान: वयामुळे. म्हणजे एक कान सरकारनं आपला मानला आणि दुसरा मला परत केला. तुझ्याबद्दल स्वतंत्र ओळ आहे, ती शब्दशः देतो: "अर्जदाराच्या बहिणीचा या बहिरेपणाशी संबंध नाही." चौकट करून दुकानात लाव. गिऱ्हाइकांना धीर येईल.

तुझ्या पत्रातल्या त्या मिठापाशी मी अडलो. मला वाटत होतं, तुला ती थप्पड खरी वाटते. तुला लागून राहू नये म्हणून मी तिची चेष्टा करत राहिलो. चारचौघांत हशा झाला की वाटायचं, चला, आक्काचं ओझं थोडं हलकं झालं. आणि तू उलट माझं वाहत होतीस! आपण दोघंही केवढे गाढव, आक्का. तू थोडी थोरली गाढव.

आता कान कसा गेला ते ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात सरहद्दीवर रात्रभर तोफ चालली. उजाडायला थांबली. मी फोन खाली ठेवला आणि बाहेर आलो. पाखरं ओरडत होती, पण फक्त उजवीकडच्या झाडांवर. मला वाटलं, डावीकडची आवाजाला भिऊन उडून गेली असतील. मग मी मागे वळलो, तर ती सगळी दुसऱ्या बाजूच्या झाडांवर ओरडायला लागली. तेव्हा कळलं. मी एकवीस वर्षांचा होतो, मला फार भीती वाटली. डॉक्टरकडे गेलो असतो तर घरी पाठवलं असतं, म्हणून गेलो नाही.

आता यंत्राचं. तो तरुण डॉक्टर म्हणाला, डावा कान पुरता मेलेला नाही, थोडी धुगधुगी आहे. त्यानंच यंत्र बसवलं. घरी आलो, नात मांडीवर बसली आणि बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. ती विचारत होती, "आजोबा, पिल्लाला अजून एक भाऊ आणायचा का?" मी म्हटलं, "अजिबात नाही." ती इतकी खूश झाली, की नाचत आईला सांगायला गेली, "आजोबा नाही म्हणाले!"

मग तुला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा डाव्या कानाला. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी फोन आणखी घट्ट धरला. माझ्या डोक्यात तुझा आवाज अजून तो जुना होता, दुकानाच्या फळीवरून गल्लीत ऐकू जाणारा. फोनवर तू नव्हतीसच. आई होती. हुबेहूब. आणि वर तू तेच विचारलंस, तशाच सुरात, "टिल्लू, ऐकू येतं का रे?"

मी म्हणालो, "येतं." तोच एक शब्द. लाईन तुटली नव्हती, मी फोन ठेवला. मला रडताना तू ऐकलं असतंस आणि जन्मभर चिडवलं असतंस.

टिल्लू


२७ सप्टेंबर

टिल्लू,

चिडवणार तर आहेच. आता लेखी पुरावा आहे माझ्याकडे.

निकालातली ओळ चौकट करून लावली. शिलाई मशीनच्या वर. टायपिंगवाला येऊन दोनदा वाचून गेला, म्हणतो ही सगळी त्याचीच करामत.

आवाज आईसारखा झालाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आरशात बघते तेव्हा केस तिच्यासारखे दिसतात, एवढंच ठाऊक होतं. परवापासून दुकानात एकटी असले की मोठ्यानं बोलून पाहते.

रविवारी संध्याकाळी पुन्हा फोन कर, डाव्याच कानाला. मी दुकान लवकर बंद करीन. आधी विचारीन, ऐकू येतं का रे. तू येतं म्हण. मग मी विचारीन, कान कसा गेला. ती पाखरांची गोष्ट मला पत्रातून कळली आहे, पण आईच्या या आवाजाला अजून कुणी सांगितलेली नाही. तू सांग. मी दारात आडवी पडणार नाही.

आक्का